फक्त भारत आणि नेपाळ

आमच्या दाजींचं आडनाव रोकडे. हरिचंद्र बाळाजी रोकडे. आडनाव वाडवडलांकडून आलेलं, त्यात त्यांचा काही दोष नाही. पण खिशातली रोकड दुसऱ्याच्या हातात पडताना या माणसाचा जीव जसा कासावीस व्हायचा, तसा मी दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही. खिशात येणाऱ्या रोकडीबद्दल मात्र त्यांची कधी तक्रार नव्हती.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, द्रौपदी अक्काचा नवरा. राहायला बदलापुरात बेलवलीला, नोकरीला अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत, परचेस खात्यात. कंपनीसाठी ड्रम, गोण्या आणि रबरी हातमोजे विकत घ्यायचं काम. तेवढ्यावर आपल्याला सगळी दुनिया कळते आणि कोण कुठे किती खातो हे आपण नुसत्या वासावरून ओळखतो, असं त्यांचं ठाम मत होतं. फी, चार्ज, कमिशन असे शब्द ऐकले की त्यांच्या कपाळावरची शीर उडायला लागायची. गावी वडलांना पैसे पाठवायचे तर मनीऑर्डरला कमिशन पडतं, म्हणून गावाकडे जाणारा कुणी ओळखीचा सापडेपर्यंत ते थांबायचे. म्हातारा तिकडे पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसायचा आणि इकडे दाजी सरकारला कसं चुकवलं ते आम्हाला ऐकवायचे. यात सरकारचं काय गेलं ते मला आजतागायत कळलेलं नाही.

अशा माणसाच्या हाती क्रेडिट कार्ड पडलं.

चौऱ्याण्णव सालची गोष्ट. कंपनीच्या कँटीनमध्ये टाय लावलेला एक पोरगेला माणूस आला, पहिलं वर्ष फुकट म्हणाला आणि फॉर्म वाटून गेला. ‘फुकट’ हा एवढाच शब्द दाजींच्या कानात शिरला, ‘पहिलं वर्ष’ बाहेरच राहिलं. महिन्याभराने कार्ड आलं. अक्का सांगत होती, त्या दिवशी त्यांनी बिल्डिंगमधल्या सगळ्यांना बोलावून ते दाखवलं, पण कुणाच्या हातात दिलं नाही. पातळ टेरिलीनचे शर्ट घालायची त्यांची सवय जुनीच. आता खिशातून कार्ड दिसावं म्हणून ते पेनसुद्धा दुसऱ्या खिशात लावायला लागले.

कार्डावर इंग्रजीत बारीक अक्षरांत छापलं होतं, व्हॅलिड ओन्ली इन इंडिया अँड नेपाळ. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, म्हणजे बाहेर कुठे चालत नाही. दाजींनी त्यातून नेमका उलटा अर्थ काढला. नेपाळ हा परका देश, तिथे कार्ड चालतं, म्हणून कार्ड इंटरनॅशनल, म्हणून कार्डवालाही इंटरनॅशनल. मी उल्हासनगरला पालिकेच्या शाळेत शिकवते. भारताबाहेर किती देश आहेत ते त्यांना नकाशावर दाखवावं असं फार मनात आलं होतं, पण अक्काच्या तोंडाकडे बघून गप्प बसले.

कार्डाबद्दल त्यांचं प्रवचन मला तोंडपाठ झालं होतं. परदेशात जाताना रोख न्यायची नाही, चोर असतात. नाक्यावर पैसे बदलून देणाऱ्याकडे फिरकायचं नाही, तो घेतानाही खातो आणि देतानाही खातो. हॉटेलाचं बिल कार्डावर टाकायचं, घरी यायचं, महिन्या-दीड महिन्याने बँकेला सगळे पैसे एकदम भरायचे, व्याज शून्य. कार्डावर रोख मात्र काढायची नाही, तिथे बँक पहिल्या दिवसापासून नरडं धरते. खोटं कशाला बोलू, यातलं बरंचसं बरोबर होतं. माझ्याच शाळेतल्या एका बाईंना मी पुढे हेच सगळं सांगितलं आणि शहाणी ठरले. अडचण एवढीच होती की हे सगळं सांगणाऱ्या माणसाने स्वतः ते कार्ड एकदाही वापरलं नव्हतं.

वापरणार कसं? कार्डावर पैसे घेतले तर बँक दुकानदाराकडून कमिशन कापते, आणि दुकानदार ते गिऱ्हाइकाकडून काढतो. दाजींना ते देणं मान्य नव्हतं. कल्याणच्या दुकानात भांडले, ठाण्याच्या दुकानात भांडले, आणि दोन्हीकडून रिकाम्या हातांनी आणि ताठ मानेने परत आले.

वर्ष सरलं तशी बँकेने वार्षिक फी लावली. मग काय विचारता. दाजींनी कंपनीच्या टायपिस्टला हाताशी धरून बँकेला इंग्रजीत पत्रं धाडली. प्रत्येक पत्राची सुरुवात ‘आय अॅम शॉक्ड अँड सरप्राइज्ड’. बँकेकडून आठवण यायची, इकडून पुन्हा एकदा शॉक्ड अँड सरप्राइज्ड जायचं. त्या पत्रांसाठी लागलेल्या रजिस्टर टपालाच्या तिकिटांत निम्मी फी भरून झाली असती. मग एके दिवशी बँकेची पत्रं यायची बंद झाली. दाजींनी डब्याच्या सुट्टीत जाहीर केलं, बँक नमली. एका मराठी माणसाने बँक नमवली.

पत्रं बंद होण्याचा दुसरा काही अर्थ असू शकतो, हे सबंध परचेस खात्यात कुणालाच सुचलं नाही. दाजींना तर नाहीच नाही.

आता आईबद्दल सांगते. आई, चांगुणाबाई, माझ्याकडे उल्हासनगरला असायची. अंबरनाथच्या काडेपेटीच्या कारखान्यात तिची हयात गेली. वडील लवकर गेले, आम्हा दोघी बहिणींना तिने त्या कारखान्याच्या पगारावर शिकवलं. दीक्षाभूमी तिने पाहिली होती, सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर ती दर वर्षी जायची. एकच गोष्ट उरली होती. दर बुद्धपौर्णिमेला विहारात भंतेजी लुंबिनीचं वर्णन करायचे, महामाया माहेरी निघाली, वाटेत शालवनात थांबली, तिथे सिद्धार्थ जन्मले. आई ते मान डोलवत ऐकायची आणि घरी आल्यावर म्हणायची, ते ठिकाण एकदा डोळ्यांनी बघायचं. देवळाला जातात तसं नव्हे. ती म्हणायची, बाई वाटेत बाळंत झाली, कुणी जवळ नसंल, ती जागा बघून येऊ. अक्काचा जन्म कारखान्यातून घरी येताना रस्त्यातच झाला होता, त्यामुळे आईला त्या गोष्टीत आपलं काही दिसत असावं. त्यासाठी तिने निवृत्तीच्या पैशांतून काही बाजूला काढून कापडी पिशवीत ठेवले होते.

दाजींना कंपनीकडून प्रवासाची सवलत मिळत होती. कार्ड नेपाळात चालत होतं. बँक नमलेली होती. एका दगडात हे सगळे पक्षी दिसल्यावर त्यांनी लुंबिनीची फॉरेन टूर ठरवली. सवलतीत बायको बसत होती, सासू बसत नव्हती, म्हणून आईचं तिकीट आईच्या पिशवीतून काढलं. आईला त्याचं काही वाटलं नाही. ती इतकी खुशीत होती की तिने आख्खी गाडी विकत घेतली असती.

बेलवलीच्या घरात दाजी आम्हाला मार्ग समजावत होते. कल्याणहून गोरखपूर, गोरखपूरहून बसने सोनौली, सोनौलीला भारत संपतो. आई ऐकता ऐकता थांबली.

“सोनिवली?” ती म्हणाली. “सोनिवली तर हितंच हाय. चालत गेलं तरी पोचंल. त्याला आगगाडी कशापायी?”

आम्ही सगळे हसलो. बदलापूरजवळच्या सोनिवली गावात आईची एक लांबची आत्या दिलेली होती, तिला तेच नाव कानाला ओळखीचं. दाजींनी चारदा समजावलं, सोनौली, सोनौली. आई चारही वेळा सोनिवलीच म्हणाली. उल्हासनगरला आल्यावर तिने शेजारच्या सिंधी बाईंना सांगितलं, मी सोनिवलीवरून परदेशात चालले. त्या बाई बिचाऱ्या कधी बदलापूरला गेलेल्या नव्हत्या, त्यांनी कौतुकाने हो हो केलं.

आईला लुंबिनीला नेसायला पांढरी साडी हवी होती. दाजी म्हणाले, साडी मी घेणार, कार्डावर. म्हणून आम्ही उल्हासनगरच्या कापडबाजारात एका सिंधी शेठजींच्या दुकानात गेलो. शेठजींनी गादीवर पांढऱ्या साड्यांचा ढीग घातला. आईने बारीक काठाची एक सुती साडी उचलली आणि ती गालाला लावून बघितली. दाजींनी खिशातून कार्ड काढलं. शेठजींनी ते डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं आणि परत दिलं.

“कार्ड चलेगा साईं,” ते म्हणाले. “पर बैंक मेरेसे ढाई टका काटेगी, वो मैं आपसे काटूंगा.”

दाजी उभे राहिले. हे बेकायदेशीर आहे, मी बँकेत तक्रार करीन, मी बँक नमवलेली आहे, असं बरंच काही ते हिंदीत आणि इंग्रजीत बोलले. शेठजींनी शांतपणे साडीची घडी घालायला घेतली. दाजी तरातरा पायऱ्या उतरून गेले. मी माझ्या पर्समधून पैसे काढून साडी घेतली. खाली दाजींनी मला झापलं, तुमच्यासारख्यांमुळे हे लोक शेफारतात. आई मध्येच साडीची पिशवी छातीशी धरून उभी होती आणि कुणाचंच ऐकत नव्हती. ती साडी तिने घरी एकदाही नेसली नाही. म्हणाली, घडी तिथंच मोडीन.

त्या दिवशी शेठजींना अडीच टक्के दिले असते तर तिथल्या तिथे कळलं असतं. दुकानाच्या फोनवरून चौकशी झाली असती आणि कार्डाचं काय झालंय ते उल्हासनगरातच उघडं पडलं असतं. पण दाजींनी अडीच टक्के वाचवले.

मला शाळेतून रजा मिळाली नाही, म्हणून मी गेले नाही. निघायच्या आदल्या दिवशी आईला बेलवलीला पोचवून आले. पुढचं सगळं अक्काने मला सांगितलं, एकदा नाही, अनेकदा, आणि दर वेळी माझं डोकं तितकंच फिरलं.

सकाळी निघताना दाजींना आईची कापडी पिशवी दिसली. काय आहे विचारलं, आईने सांगितलं. दाजींनी पुन्हा प्रवचन लावलं, रोख, चोर, कमिशन. पिशवी आईच्या हातातून घेतली आणि घरातल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. कार्ड आहे ना, म्हणाले. स्वतःजवळ चहापाण्याला आणि बसभाड्याला लागेल तेवढंच ठेवलं. अक्का काही बोलली नाही. अक्का कधीच काही बोलायची नाही.

गोरखपूर गाठलं, तिथून बस. सोनौलीला उतरून ती तिघं सरहद्दीवरच्या कमानीखालून चालत पलीकडे गेली. आईने खाली वाकून जमिनीकडे पाहिलं आणि माती तर आपल्यासारखीच हाय म्हणाली. नाक्यावर पैसे बदलणारे टेबलं मांडून बसले होते, दाजी त्यांच्याकडे न बघता नाक वर करून पुढे गेले. सायकलरिक्षाने भैरहवा गावात पोचल्यावर त्यांना एक बऱ्यापैकी हॉटेल दिसलं, आणि त्याच्या काचेच्या दारावर कार्डांची चित्रं चिकटवलेली. दाजींनी अक्काला कोपराने ढोसून ती दाखवली. सगळ्या आयुष्यात बायकोला काही दाखवावंसं वाटलं असेल तर ते हे.

काउंटरवरचा माणूस अदबशीर होता. खोली आहे म्हणाला, सकाळी लुंबिनीला न्यायला गाडीही देतो, सगळं बिलात टाकू. आईने त्याला विचारलं, किती लांब आहे. तो म्हणाला, माताजी, बसनेसुद्धा गेलात तरी तासाभराची वाट. आई कोचावर बसली आणि मांडीवर पिशवी घेऊन तिने साडी चाचपून पाहिली. एक तास राहिला होता.

दाजींनी कार्ड टेबलावर ठेवलं. ठेवलं म्हणजे टिचकी मारून सरकवलं, असं अक्का म्हणते. त्या माणसाने काठमांडूला फोन लावला, नंबर वाचून दाखवला, बराच वेळ रिसीव्हर कानाला धरून थांबला. मग जी, जी म्हणाला. रिसीव्हर ठेवला, ड्रॉवर उघडला आणि कात्री काढली.

“सर, मुझे ऑर्डर है,” तो म्हणाला, आणि दाजींच्या डोळ्यांदेखत त्याने कार्डाचे दोन तुकडे केले.

बँक नमली नव्हती. बँकेने पत्रांवर टपाल खर्च करायचं सोडून कार्डच बंद करून टाकलं होतं, आणि असं कार्ड कुणी दाखवलं तर कापून आमच्याकडे पाठवा असा हुकूम सगळीकडे देऊन ठेवला होता. घरी ड्रॉवरमध्ये पडून राहिलं असतं तर ते बिचारं अजून अख्खं असतं.

दाजींनी आरडाओरडा केला. शॉक्ड झाले, सरप्राइज्ड झाले. त्या माणसाने हात जोडले आणि कार्डाचे तुकडे पाकिटात घातले. मग ती तिघं सामानासह बाहेर रस्त्यावर आली.

आता नीट ऐका, कारण इथून पुढे बँकेचा काही संबंध नाही. दाजींकडे रोख थोडी होती, पण होती. खोलीला पुरली नसती, बसला पुरली असती. आणि बस समोरच उभी होती. कंडक्टर दारात लोंबकळत लुम्बिनी, लुम्बिनी म्हणून ओरडत होता. अक्काने ऐकलं, आईने ऐकलं, दाजींनीही ऐकलं. आई त्यांच्याजवळ गेली.

“जावईबापू,” ती म्हणाली, “विहारात झोपू. भंते नाय म्हणायचे नायत. येक रात तर हाय.”

“मी फॉरेनला भीक मागायला आलेलो नाही,” दाजी म्हणाले. “या देशात आता मी पाणीसुद्धा पिणार नाही.”

यावर काय बोलायचं? एका हॉटेलवाल्याने प्लॅस्टिकचा एक तुकडा कापला, तर या गृहस्थांनी पूर्ण देशाशी वैर धरलं. आणि वैराची किंमत कोणी द्यायची, तर जिने आयुष्यभर काडेपेट्या भरल्या त्या बाईने. अक्काने मंगळसूत्राला हात लावून दाखवला, हे ठेवू कुठेतरी. दाजींनी डोळे वटारले. बस निघून गेली. ती तिघं सायकलरिक्षाने परत नाक्यावर आली, कमानीखालून चालत भारतात आली आणि गोरखपूरला पोचली.

परतीचं आरक्षण पुढच्या तारखेचं होतं. ते बदलायला चार्ज पडतो. म्हणून जे दिवस लुंबिनीत काढायचे, ते त्यांनी गोरखपूर स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये काढले. तिथे चार्ज नव्हता. आई बाकावर पाय वर घेऊन बसून असायची. अक्का म्हणते, ती तिथे एका शब्दाने कुरकुरली नाही, नुसतं एकदा विचारलं की इथून लुंबिनी कोणत्या अंगाला. अक्काने अंदाजाने एका भिंतीकडे बोट दाखवलं. मग आई त्या भिंतीकडे तोंड करून बसायला लागली.

आई माझ्याकडे परत आली आणि तिने साडी कपाटात ठेवली. घडी तशीच होती. मला अक्काने जे सांगितलं ते ऐकल्यावर मी बेलवलीला जाऊन त्या माणसाला चार शब्द सुनवायला निघाले होते. आईने मला दारातून मागे ओढलं.

इकडे दाजींनी तोवर सगळीकडे सांगून टाकलं होतं. लुंबिनी बघून आलो, फॉरेन टूर झकास झाली, सासूबाईंचं पारणं फिटलं. कंपनीत पेढे वाटले. पेढे त्यांनी रोखीने आणले असणार, त्याला इलाज नव्हता.

मग बुद्धपौर्णिमा आली. बेलवलीच्या विहारात कार्यक्रम होता, दाजी कमिटीवर. माणसं दाटीवाटीने बसली होती, सगळ्या बायका पांढऱ्या साड्यांत. आई एकटी रोजच्या हिरव्या लुगड्यात आली होती, आणि तिने ते का नेसलं हे तिथे फक्त मला आणि अक्काला कळत होतं. दाजींनी माईक घेतला. आपल्या विहारातून परदेशात जाऊन लुंबिनीचं दर्शन घेणाऱ्या पहिल्या महिला, माझ्या सासूबाई, आपल्याला दोन शब्द सांगतील, म्हणाले. टाळ्या पडल्या. खोटं इतकं पचलं होतं की त्यांना स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं असावं. मी मनात म्हटलं, बोल आई. आज सांगच सगळ्यांसमोर.

आई उभी राहिली. माईक तिने दूरच ठेवला.

“म्या सोनिवलीपातूर जाऊन आले,” ती म्हणाली. “म्होरलं जावयाला ठावं.”

एवढं बोलून ती खाली बसली. सगळं विहार हसलं. सोनिवली म्हणजे हाकेच्या अंतरावर. कोणीतरी म्हणालं, आजींचं वय झालं. दाजी सगळ्यांत मोठ्याने हसले आणि त्यांनी माईकवरून समजावलं की वाटेवर सोनौली नावाचं गाव आहे, सासूबाईंना ते म्हणता येत नाही. लोक आणखी हसले. मला इतका संताप आला की मी चपला शोधायच्या निमित्ताने बाहेर जाऊन उभी राहिले.

स्टेशनकडे चालत येताना मी आईवर चिडले. म्हटलं, एवढी संधी आली होती, आणि तू सोनिवली म्हणून बसलीस.

“सोनौली,” आई म्हणाली. अगदी स्वच्छ. “येतं मला म्हणाया. तिथल्या पाटीखाली उभी ऱ्हाऊन आले, येणार नाय? सोनौली म्हटलं असतं तर लोकांनी इचारलं असतं, मग म्होरं का गेली नाय. सोनिवली म्हटलं की हसत्यात आन् सोडून देत्यात. द्रौपदीला त्याच घरात ऱ्हायाचंय.”

मी म्हटलं, ठीक आहे, दिवाळीच्या सुट्टीत मी नेते तुला. आपण दोघी जाऊ, तुझी पिशवी आहे, माझा पगार आहे. आईने मान हलवली. ती म्हणाली, आता कसं जाणार? मी जाऊन आले असं सगळ्यांना ठाऊक आहे. परत निघाले तर लोक विचारतील, दुसऱ्यांदा कशाला. मग सगळं उघडं पडेल. मी पुढची काही वर्षं दर सुट्टीला तेच विचारत राहिले. ती दर वेळी माझी समजूत घालायची, जशी काही लुंबिनी माझीच राहिली होती.

दाजींना यातलं काही कळलं नाही. त्यांनी दुसऱ्या बँकेचं कार्ड घेतलं, आणि सोनिवलीचा किस्सा त्यांच्या हाती आयताच लागला. लग्नात, बारशाला, कंपनीच्या सहलीत, कुठेही जमले की आमच्या सासूबाई परदेशात गेल्या होत्या, कुठे, तर सोनिवलीला. त्यांना वाटायचं, त्या दिवशी विहारात आपण हजरजबाबीपणे वेळ मारून नेली. एका म्हातारीने आपली अब्रू पदराखाली झाकली आहे आणि त्यापायी स्वतःचं मन मारलं आहे, हे कळायला जी अक्कल लागते ती परचेस खात्यात मिळत नाही.

नव्याण्णव साली आई गेली. मी आणि अक्काने तिला ती पांढरी साडी नेसवली. घडी आम्ही मोडली.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम बेलवलीच्याच विहारात झाला. वंदना झाली, भंतेजी बोलले, कारखान्यातल्या तिच्या जुन्या मैत्रिणी बोलल्या. मग दाजी उठले. खिशात नवं कार्ड शर्टातून दिसत होतं. सासूबाई फार साध्या होत्या असं म्हणून त्यांनी सुरुवात केली, आणि माझ्या लक्षात आलं की हा माणूस आता इथेही ते सांगणार. आणि त्यांनी सांगितलं. आम्ही त्यांना लुंबिनीला नेलं, पण शेवटपर्यंत त्या म्हणायच्या, मी सोनिवलीला गेले होते. रडवेली झालेली माणसंही हसली. माणसं वाईट नव्हती, त्यांना तिची मायेने आठवण आली होती.

अक्का बायकांच्या पुढच्या रांगेत बसली होती. ती उठून उभी राहिली. अक्का चारचौघांत बोलल्याचं कुणीच कधी पाहिलं नव्हतं, म्हणून हसणं आपोआप थांबलं.

“आईला सोनौली म्हणता येत होतं,” ती म्हणाली. “आई लुंबिनीला गेलीच नाही. बस समोर उभी होती, ह्यांनी चढू दिलं नाही. आम्ही गोरखपूरच्या वेटिंग रूममध्ये बसून परत आलो. माझा संसार नीट राहावा म्हणून ती तीन वर्षं तुम्हाला हसू देत होती. आता ती नाही. आता हसू नका.”

ती खाली बसली. भंतेजींनी मान खाली घातली. कारखान्यातल्या एका म्हातारीने पदराचा बोळा तोंडात धरला. मला वाटलं, आता तरी हा माणूस खाली बसेल, निदान गप्प राहील.

दाजींनी घसा खाकरला. हात खिशाकडे गेला, आणि त्यांनी कार्ड बाहेर काढून सगळ्यांना दिसेल असं धरलं. तुमचा गैरसमज होतोय, म्हणाले, चूक बँकेची होती, फॉर्मवर स्पष्ट लिहिलं होतं, पहिलं वर्ष फ्री. त्यांनी अगदी सुरुवातीपासून समजावायला घेतलं, वार्षिक फी कशी लावली, आपण कोणत्या तारखेला काय कळवलं, या नव्या बँकेत कशी फी नाही. बायका एकेक करून उठल्या आणि अक्काभोवती जाऊन बसल्या. दाजींना कुणी थांबवलं नाही. ते बराच वेळ बोलत होते, आणि कुणी ऐकत नव्हतं.